अळूतली चिंच आणि माणसाचं वेगळेपण

१ ऑक्टोबर २०२५ रोजी चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ जेन गुडॉल वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. पुढचे काही दिवस त्यांचे चिंपांझींसोबतचे फोटो सगळीकडे फिरत होते. फोटोखाली बहुतेक वेळा एक आकडाही असायचा: माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए ९८.८ टक्के सारखा. आमच्या घरी दहावीतल्या भाचीने तो वाचला आणि सरळ विचारलं, "मग उरलेल्या सव्वा टक्क्यात विमान, बँक, बोर्डाचा पेपर, सगळं बसतं?"

प्रश्न बिनतोड आहे. त्यावर बहुतेक मोठी माणसं 'माणसाला बुद्धी आहे ना' म्हणून सुटका करून घेतात. माझ्या मते हे उत्तर चुकीच्या जागी बोट ठेवतं. एका डोक्यात किती बुद्धी मावते यापेक्षा एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात किती नेमकं उतरतं, यात माणसाचं वेगळेपण जास्त आहे. ते कसं, हे बघू. वाटेत हत्ती, माश्या आणि अळूची भाजी लागेल.

सव्वा टक्का म्हणजे नेमकं किती?

डीएनए म्हणजे आपल्या पेशींमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक सूचनावली. माणसाची सूचनावली साधारण ३०० कोटी अक्षरांची आहे. चिंपांझीची २००५ साली वाचून झाली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी अक्षरं वेगळी निघाली. तोच हा सव्वा टक्का. पण त्याच वेळी आणखी सुमारे ५० लाख ठिकाणी मजकुराचे छोटेमोठे तुकडे वाढलेले किंवा गळालेले आढळले होते. ते धरले की फरक चार टक्क्यांच्या आसपास जातो. ९८.८ हा आकडा खोटा नाही, पण मोजायची रीत सांगितल्याशिवाय तो फेकण्यात अर्थ नाही.

शिवाय ही टक्केवारी नातं सांगते, गुण सांगत नाही. आपले आणि चिंपांझींचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. (चिंपांझीपासून माणूस झाला असं कुठलाच शास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघं चुलत भावंडं.) तेव्हापासून साठलेल्या बदलांपैकी कितीतरी बदलांनी काहीच बिघडलं नाही की सुधारलं नाही. उलट, गर्भात मेंदूच्या पेशी कधीपर्यंत दुप्पट होत राहायच्या हे ठरवणाऱ्या जागी एखादा छोटा फेरफार झाला, तर पुढचं सगळंच बदलू शकतं.

आणि विमान तर डीएनएमध्ये नाहीच. पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची सूचनावली आपल्यापेक्षा फारशी निराळी नव्हती. त्या काळातलं एखादं तान्हं बाळ आज पुण्यात वाढलं असतं, तर तेही क्लासला गेलं असतं आणि गणिताला शिव्या घालत दहावी पास झालं असतं. तरीही त्याच्या आईबापांकडे शेती नव्हती, चाक नव्हतं, लिपी नव्हती. शरीर तेच, मेंदू तोच, आणि जगणं एवढं वेगळं! मग मधल्या काळात बदललं काय?

जुन्या व्याख्यांची पडझड

आहार, निद्रा, भय आणि मैथुन माणसात आणि पशूंत सारखेच, हे संस्कृत सुभाषितकारांनी कधीच सांगून ठेवलं होतं. पुढे माणूस निराळा तो धर्मामुळे, असं ते म्हणाले. पश्चिमेत 'विवेकामुळे' म्हणाले. विज्ञानाने हातात धरता येईल अशी खूण शोधली: माणूस हत्यारं बनवतो.

ही खूण गुडॉलबाईंनीच पुसली. १९६० साली टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात त्यांनी 'डेव्हिड ग्रेबिअर्ड' असं नाव ठेवलेला एक चिंपांझी वाळवीच्या वारुळापाशी बसलेला पाहिला. त्याने एक डहाळी तोडली, तिची पानं ओरबाडून काढली, ती काडी वारुळाच्या भोकात सरकवली, जरा थांबला आणि अलगद बाहेर ओढली. काडीला चिकटलेली वाळवी त्याने ओठांनी टिपून खाल्ली. पानं ओरबाडणं महत्त्वाचं, कारण ते नुसतं काडी वापरणं झालं नाही, काडी घडवणं झालं. गुडॉलना तिथे पाठवणाऱ्या लुई लीकी यांनी कळवलं, की आता हत्याराची व्याख्या बदला, माणसाची तरी बदला, नाहीतर चिंपांझींना माणसात घ्या.

त्यानंतर एकेक कलम गळत गेलं. आरशात स्वतःला ओळखणं? चिंपांझींनी १९७० साली करून दाखवलं, पुढे एका हत्तिणीने आणि मॅगपाय पक्ष्यांनी. स्मरणशक्ती? क्योतो विद्यापीठातल्या आयुमू नावाच्या तरुण चिंपांझीने तर माणसांची फजिती केली. पडद्यावर पाच आकडे सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ चमकायचे आणि झाकले जायचे. ते कुठे होते हे चढत्या क्रमाने दाखवायचं. आयुमूने हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी चांगलं केलं. २००७ साली बातमी जगभर गेली. पुढे भरपूर सराव दिल्यावर काही माणसंही त्याच्या पंगतीला बसली, ही गोष्ट मात्र तितकी गाजली नाही.

मेंदू मोठा म्हणून?

माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोचा, चिंपांझीचा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण नुसतं वजन बघायचं तर आफ्रिकी हत्तीचा मेंदू साडेचार-पाच किलोचा आणि स्पर्म व्हेलचा आठ किलोच्या घरात जातो.

ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी मेंदूतल्या चेतापेशी मोजायची नवी रीत काढली. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी भरल्या, हत्तीच्या सुमारे २५,७०० कोटी. हत्ती तिप्पट! मात्र हत्तीच्या बहुतेक पेशी मेंदूच्या मागच्या भागात, हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या अनुमस्तिष्कात असतात. विचार, नियोजन, आठवण यांच्याशी ज्याचा संबंध जास्त, त्या वरच्या थरात हत्तीच्या ५६० कोटी, तर माणसाच्या सुमारे १,६०० कोटी. तेव्हा फरक आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

एवढा मेंदू पोसणं महाग पडतं. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. ही चैन परवडली ती अन्न शिजवायला लागल्यामुळे, असं रिचर्ड रँगम यांचं म्हणणं आहे. कच्चं चावत बसण्यातला वेळ वाचला आणि शिजलेल्यातून ऊर्जाही जास्त मिळू लागली. नेमकं कधीपासून, यावर अजून भांडणं आहेत.

तर मग मोठा मेंदू, जास्त बुद्धी, विषय संपला? हेच तपासायला जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली एक मोठी परीक्षा घेतली. परीक्षेला बसली माणसांची १०५ मुलं, वय साधारण अडीच वर्षं, १०६ चिंपांझी, आणि ३२ ओरांगउटान. बक्षीस कुठल्या वाटीखाली लपवलंय, ढीग कुठला मोठा, काठीने वस्तू कशी ओढायची, अशा वस्तूंच्या जगातल्या प्रश्नांत मुलं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत सुटले. पण दुसऱ्याचं बघून शिकणं, दुसऱ्याची खूण ओळखणं, त्याला काय करायचंय हे ताडणं, या भागात मुलांची उत्तरं जवळजवळ दुपटीने बरोबर आली.

अडीच वर्षांचं पोर चिंपांझीपेक्षा सरसकट हुशार नव्हतं. दुसऱ्याकडून घेण्यात मात्र ते फार तरबेज होतं.

आरपार दिसणारी पेटी

आता या सगळ्या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी तो २००५ साली प्रसिद्ध केला. एक पेटी. तिला वर एक भोक आणि समोर एक झाकण. आत खाऊ. प्रयोग करणारी बाई काठी घेते, पेटीच्या वरची खिट्टी सरकवते, वरच्या भोकात काठी दोन-तीनदा खुपसते, मग समोरचं झाकण उघडून खाऊ काढते.

पेटी काळी होती तेव्हा चिंपांझींनी तिने केलं तसंच सगळं केलं. मग तशीच, पण आरपार दिसणारी पेटी आणली. आता स्पष्ट दिसत होतं, की वरून खुपसलेली काठी मधल्या पडद्यावर आपटते, खाऊशी तिचा काही संबंध नाही. चिंपांझींनी वरचे सोपस्कार बहुतेक गाळले आणि थेट समोरून खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी? त्यांनी दोन्ही वेळा सगळं जसंच्या तसं केलं. आरपार दिसत असूनही वरून काठी खुपसली, मगच खाऊ घेतला.

पहिल्यांदा हे वाचलं की हसू येतं. चिंपांझी शहाणा, आपलं पोर बावळट! इंग्रजीत याला 'ओव्हरइमिटेशन' म्हणतात. आपण 'अतिनक्कल' म्हणू. कारण कळत नसतानाही, किंवा कृती फुकट आहे असं दिसत असतानाही, सगळी कृती जशीच्या तशी उचलणं म्हणजे अतिनक्कल. पुढे वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांवर असे प्रयोग झाले, तिथेही ती आढळली.

यात शहाणपण कुठलं?

अळूत चिंच का घालतात?

स्वयंपाकघरात उत्तर आहे. अळूचं फदफदं करताना चिंच घालायची, अळूवडीच्या पिठात चिंच-गूळ घालायचा, सुरणाला चिंच किंवा कोकम लावायचं, हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक असतं. काही जणी अळू चिरायच्या आधी हाताला तेल चोळतात. का, विचारलं तर "खाज सुटते म्हणून" एवढं सांगतात. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते हाताला आणि घशाला टोचतात. नीट शिजवलं आणि सोबत आंबट घातलं की खवखव आटोक्यात राहते. हे रसायनशास्त्र ठाऊक नसताना ही भाजी कितीतरी पिढ्यांनी जेवली.

आता कल्पना करा, एखाद्या चौकस सुनेने ठरवलं, की मला पटेल तेवढंच करीन. चिंचेने काय होतं ते दिसत तर नाही, मग कशाला घाला? अळूच्या बाबतीत फार तर जेवणाऱ्यांचा घसा धरेल. पण सगळीच झाडं इतकी दयाळू नसतात.

१८६०-६१ मध्ये रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघून ऑस्ट्रेलिया उभा पार करायला गेली. परतताना ते कूपर्स क्रीकच्या तळावर पोचले २१ एप्रिल १८६१च्या संध्याकाळी. त्यांची वाट बघून थकलेली तुकडी त्याच दिवशी सकाळी तळ हलवून निघून गेली होती. शिधा संपत आला. त्या भागात राहणारे यांद्रुवांधा लोक नार्डू नावाच्या नेच्याच्या बियांसारख्या कडक गाठी दळून खायचे. बर्क-विल्सनीही त्या गोळा केल्या, दळल्या, पोटभर खाल्ल्या, तरी अंगातली ताकद रोज कमी होत गेली. विल्सने डायरीत तशी नोंद करून ठेवली आहे. नार्डूमध्ये ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो. यांद्रुवांधा लोकांची नार्डू भाजायची, भरपूर पाणी घालून वाटायची जी रीत होती, तिच्याने त्याचा जोर मोडायचा. या गोऱ्या मंडळींनी पदार्थ उचलला, कृती अर्धीच उचलली. जूनच्या अखेरीस दोघंही गेले. तिसरा सोबती जॉन किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला राहिला, त्यांनी दिलेलं खाल्लं आणि सप्टेंबरात शोधपथकाला जिवंत सापडला.

बर्क आणि विल्स बुद्धीने कमी होते का? मुळीच नाही. विल्स तर शिकलेला सर्वेक्षक होता. पण जिथे हजारो वर्षांची रीत लागते, तिथे दोन महिन्यांची बुद्धी पुरत नाही.

मक्याचंही हेच झालं. मेक्सिकोत तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मग वाटायची पद्धत आहे. त्यामुळे त्यातलं ब-३ जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला, चुना तिथेच ठेवला. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. कातडी सोलली जायची, भ्रम व्हायचा, माणसं मरायची.

निसर्गात कारण बहुतेक वेळा दिसत नाही. परिणाम दिसायला महिने लागतात, आणि तोवर दुखण्याचं मूळ कुठे हे कळायला मार्ग नसतो. अशा जगात 'मला पटेल तेवढंच' म्हणणाऱ्यापेक्षा 'आजी करायची तसंच' म्हणणारा जास्त जगतो. पेटीत काठी खुपसणारं पोर याच वृत्तीचं आहे.

चाकामागचा दगड

नक्कल पक्की असली की आणखी एक गोष्ट होते. लादलेली बैलगाडी घाट चढत असते. बैल दमले की गाडी थांबते आणि कुणीतरी खाली उतरून पटकन चाकामागे दगड ठेवतो. त्यामुळे चढलेलं अंतर वाया जात नाही. पुढची ओढ तिथूनच सुरू होते. दगड नसेल, तर बैल कितीही ताकदीचे असोत, गाडी मागे घरंगळेल.

अचूक नक्कल हा तो दगड. एका पिढीला एखादी सुधारणा सुचते, पुढची पिढी ती जशीच्या तशी उचलते आणि तिच्यावर आपली एक भर घालते. शास्त्रज्ञ याला 'संचयी संस्कृती' म्हणतात. एका आयुष्यात एकट्याला कधीच सुचलं नसतं असं ज्ञान पिढ्यान्पिढ्या साठत जाणं, एवढाच त्याचा अर्थ. लाइपझिगच्या संस्थेत बरीच वर्षं काम केलेले मायकल टोमासेलो यांनी ही कल्पना रुजवली.

दगड नसला तर काय होतं, याचा पुरावा आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात सापडला. तिथले चिंपांझी कठीण कवचाची फळं दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. साधी गोष्ट नाही ती. पिल्लांना जमायला वर्षानुवर्षं जातात. तिथे जमिनीखाली चिंपांझींनीच वापरलेले, ४,३०० वर्षांपूर्वीचे दगड मिळाले. म्हणजे ही विद्या किमान दोनशे पिढ्या चालत आली आहे. पण आजही ती जवळपास तशीच आहे. दगडाला दांडा बसला नाही. त्याच ४,३०० वर्षांत माणूस सिंधू संस्कृतीच्या विटांपासून चांद्रयानापर्यंत आला.

भाचीच्या विमानाचं उत्तर इथे आहे. विमान सव्वा टक्क्यात नाही. सव्वा टक्क्यात, म्हणजे नेमकं बोलायचं तर त्यातल्या अगदी थोड्या भागात, चाकामागे दगड ठेवायची खोड आहे.

बोट दाखवणं आणि बोलणं

नक्कल हे घेणाऱ्याचं काम झालं. देणाऱ्याचंही काही असतं.

आई बाळाला कडेवर घेऊन 'तो बघ चांदोबा' म्हणते. बाळ बोटाच्या रेषेने वर बघतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं. एक वर्षाच्या आसपास ते स्वतःच बोट दाखवायला लागतं: कावळा, पंखा, दिवा. त्याला कावळा हवा नसतो. 'मी बघतोय ते तूही बघ' एवढंच म्हणायचं असतं. चिंपांझी माणसांत वाढला तर खाऊ मागायला हात करतो, पण नुसतं दाखवण्यासाठी दाखवणं त्यांच्यात फारच क्वचित दिसतं. खाऊ कुठे लपवलाय हे माणसाने बोटाने सांगितलं तरी त्यांचा गोंधळ होतो. गंमत म्हणजे आपल्या गल्लीतला कुत्रा या परीक्षेत चिंपांझीपेक्षा सरस ठरतो. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम.

दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघायचं, आणि दोघंही बघतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं. टोमासेलो माणसाच्या भाषेचं, शिकवण्याचं आणि करारमदारांचं मूळ इथेच शोधतात.

शिकवणं अगदीच आपलं एकट्याचं नाही. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले मुंगसासारखे मीरकॅट पिल्लांना आधी मेलेला विंचू आणून देतात, मग नांगी तोडलेला, मग जिवंत. पण हे ज्ञान विंचवापुरतंच. कुठल्याही विषयासाठी तीच पद्धत वापरणं त्यांच्यात नाही.

भाषेचंही तसंच. केनियातली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी वेगवेगळे धोक्याचे आवाज काढतात. काँगोतले बोनोबो, म्हणजे चिंपांझींचे अगदी जवळचे नातलग, दोन आवाज जोडून नवा अर्थ तयार करतात, असं २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली, तेव्हा त्याचं सगळ्यात लांब वाक्य असं झालं: 'दे संत्रं मी दे खा संत्रं मी खा संत्रं दे मी खा संत्रं दे मी तू.' सोळा खुणा, आणि मागणी एकच. कालच्या गोष्टीबद्दल, उद्याच्या बेताबद्दल किंवा कधीच न घडलेल्या प्रसंगाबद्दल त्याने काही विचारलं नाही. आपलं चार वर्षांचं पोर दुसरं काही विचारतच नाही.

"पण माश्याही हे करतात म्हणे?"

हा आक्षेप ताजा आहे आणि वजनदारही. २०२४ साली लंडनमधल्या संशोधकांनी बम्बलबी जातीच्या केसाळ, जाडजूड माश्यांना दोन टप्प्यांचं कोडं घातलं. आधी एक अडसर ढकलायचा, त्याचं बक्षीस काहीच नाही. मग दुसरा ढकलायचा, तेव्हा साखरपाणी. आपलं आपण हे एकाही माशीला सुटलं नाही. पण काही माश्यांना पढवून तयार केल्यावर त्यांचं बघून इतर काही माश्या शिकल्या. म्हणजे एकटीला जे सुचलं नसतं, ते दुसरीकडून घेता आलं. त्याच वर्षी झांबियातल्या एका आश्रयस्थानात ६६ चिंपांझींसमोर शेंगदाणे देणारं यंत्र तीन महिने ठेवलं. कुणालाच उघडता आलं नाही. मग दोन चिंपांझींना शिकवलं, आणि त्यांचं पाहून आणखी चौदा शिकले.

यावरून आपल्या आणि त्यांच्यामध्ये काही भिंत बिंत नाही हे दिसतं, आणि ते बरंच झालं. उत्क्रांतीत काहीच आकाशातून पडत नाही, बीज सगळीकडे थोडं थोडं असायचंच. मात्र या दोन्ही प्रयोगांत पहिला गुरू माणसाने तयार केला होता, आणि शिकणं एका पायरीवर थांबलं. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी रास त्यांनी रचलेली अजून कुणी पाहिली नाही. उद्या दिसली, तर हा लेख दुरुस्त करावा लागेल.

"अशाने अंधश्रद्धाच वाढणार की!"

वाढतेच. न विचारता उचलायची सवय चांगलं-वाईट निवडत नाही. अळूतली चिंच आणि टेम्पोला टांगलेली लिंबू-मिरची दोन्ही एकाच वाटेने आपल्यापर्यंत आल्या. म्हणून 'पूर्वजांनी केलं ते खरं' आणि 'पूर्वजांनी केलं ते अडाणीपणाचं', ही दोन्ही टोकं मला सारखीच आळशी वाटतात.

वैज्ञानिक पद्धत हा याच सवयीला लावलेला लगाम आहे. ती नक्कल थांबवत नाही. विज्ञानाचा विद्यार्थी न्यूटनचे नियम पाठच करतो. पण घेतलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासायची मुभा आणि पद्धत त्याला मिळते. मक्यातला चुना आणि नार्डूतलं पाणी कामाचं का होतं, हे अखेर प्रयोगशाळेतच कळलं.

"मग आपण श्रेष्ठ ठरलो का?"

वेगळे ठरलो. त्यावरून हक्काचा प्रश्न आपोआप सुटत नाही, आणि न्यायालयंही त्याच्याशी झगडतायत. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली हॅपी ही हत्तीण, आरशात स्वतःला ओळखणारी तीच, कायद्याने 'व्यक्ती' मानावी आणि तिला मोकळं करावं, अशी याचिका होती. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने ती पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. आपल्याकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना प्राण्यांच्या सन्मानाने जगण्याचा मुद्दा मांडला. २०२३ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने या खेळांना परवानगी देणारे राज्यांचे नवे कायदे वैध ठरवले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क देण्याला पूर्वीच्या निकालांचा आधार नाही असं नोंदवलं. यातलं कुणाला काय पटतं तो ज्याचा त्याचा विचार. माझं एवढंच म्हणणं, की 'त्यांना भाषा नाही' किंवा 'त्यांना विमान बनवता येत नाही' हा बैलाला टोचण्याचा परवाना होऊ शकत नाही. दुखायला संचयी संस्कृती लागत नाही.

प्राण्यांनाही थोडीफार संस्कृती आहे हे मान्य केलं, की एक व्यावहारिक गोष्ट बदलते. आजवर आपण वाघ किती, हत्ती किती, अशी डोकी मोजत आलो. २०१९ साली चिंपांझींच्या १४४ समूहांचा आणि त्यांच्या ३१ सवयींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाचा वावर जिथे सगळ्यात जास्त, तिथे या सवयी आढळण्याची शक्यता सरासरी ८८ टक्क्यांनी कमी निघाली. चिंपांझी जिवंत असतात, पण समूह फुटलेला असतो, जाणते मेलेले असतात आणि पिल्लांना बघायला कुणी उरलेलं नसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतर करणाऱ्या वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद भरली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या कवच फोडणाऱ्या चिंपांझींसाठी वेगळा कार्यक्रम मान्य झाला. त्यांना वेगळं काढण्याचं कारण त्यांची जात किंवा संख्या एवढंच नव्हतं. दगडाने फळ फोडायची ती विद्या टिकावी, हेही होतं.